जंगलाची चौथाई

बँकेत असताना एक आकडा माझ्या अंगवळणी पडला होता. पंचवीस. लोकांनी विश्वासाने ठेवलेल्या शंभर रुपयांपैकी पंचवीस रुपये कर्जाऊ द्यायचे नाहीत, ते सरकारी रोख्यांत वगैरे घालून बाजूला ठेवायचे, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक ऑक्टोबर १९९७ पासून नोव्हेंबर २००८ पर्यंत होता. त्याआधी हा आकडा बराच मोठा होता, पुढे तो खाली आला. पण माझ्या नोकरीतली अकरा वर्षे या पंचवीसच्या सावलीत गेली. कर्ज मागणारा समोर बसला आहे, त्याचा धंदा चांगला आहे, तारण भक्कम आहे आणि वरून मात्र हात आखडता घ्यायचा हुकूम आहे, असे झाले की आम्हा अधिकाऱ्यांना या बाजूला ठेवलेल्या चौथ्या हिश्शाचा राग यायचा. पडून राहिलेला पैसा म्हणजे वाया गेलेला पैसा, एवढे सरळ आमचे गणित.

निवृत्तीनंतर, २०१८ च्या मार्चमध्ये, पत्नीसह मॉरिशसला गेलो. तिथली पाम्प्लमूसची बाग प्रसिद्ध आहे. आता तिला शिवसागर रामगुलाम यांचे नाव आहे. परातीएवढ्या नव्हे, चांगल्या घंगाळाएवढ्या पानांची कमळे तिथल्या तळ्यात तरंगतात आणि पर्यटक त्यांच्यासमोर उभे राहून फोटो काढतात. आम्हीही काढले. बागेच्या इतिहासाची एक पुस्तिका हातात होती. ती चाळता चाळता तो जुना आकडा पुन्हा समोर आला. १७६९ साली या बेटावरच्या एका अधिकाऱ्याने हुकूम काढला होता, की प्रत्येक जमीनमालकाने आपल्या जमिनीचा चौथा हिस्सा जंगल म्हणून राखावा. त्याला हात लावू नये.

१७६९. आपल्याकडे तेव्हा थोरले माधवराव पेशवे होते आणि मराठ्यांच्या फौजा पुन्हा उत्तरेकडे निघाल्या होत्या. चौथाई हा शब्द त्या काळी हिंदुस्थानभर कुणाच्या छातीत धडकी भरवायचा, हे आपण शाळेत शिकलो. आणि त्याच साली हिंदी महासागरातल्या एका ठिपक्यावर एक एकहाती फ्रेंच माणूस डोंगरातल्या झाडांसाठी चौथाई वसूल करत होता. मला तो माणूस तिथल्या तिथे आवडला. घरी आल्यावर त्याच्याविषयी मिळेल ते वाचत गेलो. सगळेच काही आवडण्यासारखे निघाले नाही. पण ते ओघाने येईलच.

पिएर प्वाव्र हे त्याचे नाव. प्वाव्र म्हणजे फ्रेंचमध्ये मिरे. मसाल्यांमागे आयुष्य घालवलेल्या माणसाचे आडनाव मिरे असावे, हे एखाद्या कादंबरीत लिहिले असते तर संपादकाने ओढूनताणून आणलेले म्हणून खोडले असते. हा जन्मला २३ ऑगस्ट १७१९ रोजी, लिआँ या रेशमाच्या गावी, व्यापारी घरात. पण त्याला ओढ होती धर्मप्रसाराची. पाद्री होण्यासाठी पॅरिसच्या परदेशी मिशनमध्ये दाखल झाला आणि विशीतच चीनच्या वाटेला लागला. चरित्रकार एक कथा सांगतात. वाटेत त्याला एका चिनी माणसाने शिफारसपत्र म्हणून एक चिठ्ठी दिली. चिनी लिपी वाचता न येणाऱ्या या पोराने ती मोठ्या विश्वासाने कँटनच्या अधिकाऱ्यापुढे धरली. चिठ्ठीत लिहिले होते, की हा आणणारा माणूस बदमाश आहे. रवानगी थेट तुरुंगात! तिथेच तो चिनी शिकला म्हणतात. पुढे कोचीन-चीन, म्हणजे आजच्या व्हिएतनामचा दक्षिणेकडचा भाग, तिथेही राहिला. प्रार्थनेपेक्षा त्याचे लक्ष शेतांकडे जास्त असे, हे त्याच्या वरिष्ठांच्याही ध्यानात येऊ लागले होते.

१७४५ मध्ये तो मायदेशी परत निघाला असता बांका बेटाजवळच्या सामुद्रधुनीत इंग्रज जहाजांनी त्याचे जहाज गाठले. चकमकीत तोफेचा गोळा लागून त्याचा उजवा हात गेला. इंग्रज शल्यवैद्याने जहाजावरच हात कापला. वय पंचवीस. ज्या हाताने आशीर्वाद द्यायचा तोच नसलेल्या माणसाला पाद्री होता येत नाही. एका गोळ्याने त्याचा हातही नेला आणि पेशाही.

इंग्रजांनी कैद्यांना बटाव्हियाला, आजच्या जाकार्तात, सोडून दिले. ही डच कंपनीची राजधानी. जखम भरून येईपर्यंतचे काही महिने प्वाव्र तिथे राहिला आणि त्याने एक गोष्ट नीट पाहून घेतली. जायफळ आणि लवंग ही जगातली दोन सोन्याच्या मोलाची पिके मोलुक्कासच्या मूठभर बेटांवर होतात आणि डच लोक ती राक्षसासारखी राखतात. ठरलेल्या बेटांबाहेरची लवंगेची झाडे तोडून जाळतात. विकायचे जायफळ चुन्यात बुडवतात, म्हणजे ते कुठे रुजायला नको. प्वाव्रच्या मनात आले, ही रोपे चोरून आपल्या बेटांवर लावली तर? पुढची पंचवीस वर्षे हा विचार त्याने सोडला नाही.

तिथून पाँडिचेरी, तिथून ईल द फ्रान्स. मॉरिशसला फ्रेंचांनी दिलेले हे नाव. इथे मूळची माणसाची वस्ती नव्हतीच. आधी डच आले, त्यांनी काळ्या शिसवीसारखे एबनीचे लाकूड तोडून नेले, डोडो पक्षी संपवला आणि १७१० मध्ये बेट सोडून दिले. फ्रेंचांनी १७१५ मध्ये ते घेतले. १७३५ पासून ला बूर्दोने या गव्हर्नराने पोर्ट लुई हे बंदर उभारले. १७४६ मध्ये इंग्रजांकडून मद्रास जिंकून घेणारा ला बूर्दोने तो हाच. बंदर उभारायला लाकूड लागले, जहाजे दुरुस्त करायला लाकूड लागले. पुढे पाम्प्लमूसलाच लोखंड गाळण्याच्या भट्ट्या निघाल्या, त्यांना कोळसा लागला. जंगल फुकटचे होते.

मधली वीस वर्षे मी भराभर सांगतो, कारण त्यांत हेलपाटेच फार आहेत. कंपनीने त्याला १७४९ मध्ये कोचीन-चीनला वकील म्हणून पाठवले, व्यापार जमला नाही. मनिलात दोन वर्षे काढून त्याने जायफळाची काही रोपे मिळवली आणि १७५३ अखेर पाच रोपे घेऊन तो ईल द फ्रान्सला पोचला. ती दगावली. सरकारी वनस्पतितज्ज्ञ फ्युझे-ओब्ले याने ती मुद्दाम मारली, असे प्वाव्र मरेपर्यंत म्हणत राहिला. ओब्लेचे म्हणणे, ते मुळात खरे जायफळच नव्हते. इंग्रजांच्या तावडीत तो पुन्हाही सापडला. शेवटी लिआँला परत येऊन गप्प बसला. शेतीवर निबंध वाचू लागला, ते पुढे १७६८ मध्ये पुस्तकरूपाने निघाले आणि युरोपभर गाजले.

आणि मग सत्तेचाळिसाव्या वर्षी दैव उघडले. फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनी बुडाली होती, तिची बेटे राजाने ताब्यात घेतली होती. राजाने ईल द फ्रान्स आणि शेजारचे बूरबाँ, म्हणजे आजचे रीयुनियन, या दोन बेटांचा इंटेंडंट म्हणून प्वाव्रला नेमले. इंटेंडंट म्हणजे खजिना, न्याय, धान्यपुरवठा, जमिनी, सगळे त्याच्याकडे. सैन्य तेवढे गव्हर्नराकडे. जाण्यापूर्वी त्याने फ्रांस्वाज रोबें या आपल्याहून पुष्कळच लहान मुलीशी लग्न केले. जुलै १७६७ मध्ये नवराबायको पोर्ट लुईला उतरली. खजिन्यात खडखडाट, कंपनीच्या कागदी नोटांवर कुणाचा विश्वास नाही, आणि द्युमा नावाचा गव्हर्नर पहिल्या दिवसापासून भांडणाला उभा. दुसऱ्या वर्षी द्युमाला परत बोलावून घ्यावे लागले, यावरून भांडणाची कल्पना यावी.

आल्या आल्या प्वाव्रने जमीनदारांना जमवून एक भाषण केले. त्याचा मथितार्थ असा, की तुमच्या आधी आलेल्यांनी लोभाने डोंगर उघडे केले. जंगल गेले की पाऊस रुसतो, नद्या आटतात, माती वाहून जाते आणि पुढच्यांच्या हाती दगड उरतात. झाडे पावसाला बोलावून आणतात, यावर त्याचा पक्का विश्वास होता. त्या काळच्या युरोपातल्या शास्त्रज्ञांत ही कल्पना नवीनच चर्चेत होती. आपल्या कोकणात ती कुठल्याही म्हाताऱ्याला विचारली असती तरी कळली असती.

दोन वर्षांनी, १५ नोव्हेंबर १७६९ रोजी, नियम निघाले. जमिनीचा पंचवीस टक्के भाग जंगल म्हणून राखायचा, तोही शक्यतो डोंगराच्या उभ्या उतारावरचा. उघड्या पडलेल्या जागी पुन्हा झाडे लावायची. आणि पाण्यापासून दोनशे यार्डांच्या आतले रान तोडायचे नाही. बस्स, इतकेच. उतार आणि ओढ्याचा काठ. मी पुस्तिकेतली ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली ती यासाठी, की ज्याला डोंगरावरून पाणी कसे येते हे ठाऊक आहे तोच असा नियम लिहील.

मॉरिशसचा नकाशा पाहिला तर हे उमगते. ज्वालामुखीतून वर आलेले बेट, मध्ये पठार, भोवती अणकुचीदार डोंगर आणि लगेच समुद्र. पश्चिम किनाऱ्यावर वर्षाला नऊशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तर मधल्या पठारावर चार हजारांपर्यंत. नद्या आखूड. आपल्या गोदावरीला पूर चढायला आणि उतरायला दिवस लागतात. इथे डोंगरावर पडलेला थेंब काही तासांत समुद्रात. नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचे दिवस. उतारावर झाडी असली तर पाणी पानांवर, पालापाचोळ्यावर, मुळांत अडत अडत उतरते, बरेचसे मुरते, आणि कोरड्या दिवसांत झऱ्यांतून परत मिळते. झाडी नसली तर तेच पाणी माती घेऊन एकदम खाली येते. म्हणजे पूर आणि दुष्काळ ही एकाच खात्याची दोन पाने. प्वाव्रला दुष्काळाचे पान जास्त दिसत होते. त्याचा पाऊस बोलावण्याचा सिद्धांत एवढ्याशा बेटाला कितपत लागू पडतो यावर शास्त्रज्ञ अजून वाद घालतात. पण नियमाचा तोडगा पुराच्या पानालाही चालणारा होता. चुकीच्या कारणासाठी बरोबर कागदावर सही केलेली मी बँकेतही पाहिली आहे. उलटेही पाहिले आहे.

रीयुनियनचा पाऊस तर विचारूच नये. आपण २६ जुलै २००५ च्या सांताक्रूझच्या ९४४ मिलिमीटरची आठवण काढून अजून दचकतो. रीयुनियनमधल्या फोक-फोक येथे ७ आणि ८ जानेवारी १९६६ ला चोवीस तासांत १,८२५ मिलिमीटर पाऊस पडला. जगाचा विक्रम आहे तो. त्याच बेटावरच्या कोमेर्साँ नावाच्या विवराजवळ फेब्रुवारी २००७ मध्ये तीन दिवसांत ३,९२९ मिलिमीटर पडला. तोही विक्रमच.

हा कोमेर्साँ कोण? तो प्वाव्रच्या घरचा पाहुणा. बूगाँव्हील या दर्यावर्द्याबरोबर पृथ्वीप्रदक्षिणेला निघालेला हा वनस्पतिशास्त्रज्ञ १७६८ मध्ये पोर्ट लुईला पोचला, तेव्हा प्वाव्रने त्याला ठेवून घेतले. त्याच्याबरोबर पुरुषवेषात जहाजावर आलेली त्याची सहायक जान बारे हीदेखील उतरली. जगाला वळसा घालणारी पहिली स्त्री म्हणून आज तिचे नाव घेतात. आपल्या सोसायट्यांच्या फाटकावर जी बोगनवेल चढलेली असते तिला आपल्या कप्तानाचे नाव दिले ते कोमेर्साँने. तो रीयुनियनच्या ज्वालामुखीवर चढला, म्हणून त्या विवराला त्याचे नाव. बेटावरच्या झाडांची शास्त्रशुद्ध मोजदाद करणारा माणूस प्वाव्रला असा घरबसल्या मिळाला.

दुसरा पाहुणा बर्नार्दें द सें-पिएर. सैन्यातला इंजिनिअर, चिडका, कर्जबाजारी आणि भावनाप्रधान. प्वाव्रच्या तरुण बायकोच्या प्रेमात पडला. तिने त्याला जागच्या जागी ठेवले. वीसेक वर्षांनी त्याने या बेटावर पॉल आणि व्हर्जिनी ही कादंबरी लिहिली, १७८८ मध्ये, आणि ती अमर झाली. तीत वादळी पावसाने डोंगरातून लोंढा येतो आणि पॉलने हाताने लावलेली बाग एका रात्रीत गाळाखाली जाते. कादंबरीकार म्हणून सांगतो, हे असले प्रसंग टेबलाशी बसून सुचत नाहीत. त्याने असा लोंढा पाहिला असणार.

आणि लवंग, जायफळ? पाम्प्लमूसची मों प्लेझीर ही बाग प्वाव्रने याच स्वप्नासाठी वाढवली. मोलुक्कासकडे त्याने प्रोव्हो नावाच्या जुन्या जाणत्या माणसाला गुपचूप पाठवले. जून १७७० मध्ये जहाजे परत आली ती जायफळाची चारशे रोपे, हजारो बिया आणि लवंगेची सत्तर रोपे घेऊन. १७७२ मध्ये आणखी आली. शंभर वर्षांहून अधिक काळ राखलेली डचांची मक्तेदारी फुटली. पुढे लवंग या बेटांवरून झांझिबारला गेली. आपल्या मसाल्याच्या डब्यात झांझिबारची लवंग आली असेल तर तिच्या वंशावळीत हा एकहाती माणूस आहे. पाम्प्लमूसच्या बागेत साळुंक्यांचा कलकलाट ऐकून माझ्या पत्नीला घरच्यासारखे वाटले. त्याही तिथल्या नव्हेत. टोळधाडीवर उपाय म्हणून त्याच दशकात त्या हिंदुस्थानातून नेल्या.

आता न आवडणारा भाग. १७६७ मध्ये बेटावर सुमारे एकोणीस हजार माणसे होती आणि त्यांतले पंधरा हजारांवर गुलाम होते. आफ्रिकेतले, मादागास्करचे, काही आपल्या किनाऱ्यावरचेही. प्वाव्रने आपल्या पुस्तकात स्वतंत्र शेतकऱ्याच्या हातची शेती गुलामांच्या शेतीहून कशी सरस, हे कळकळीने लिहिले आहे. आणि तोच प्वाव्र गुलामांच्या बेटाचा कारभार पाहत होता, त्याच्या बागेत गुलामच खपत होते. लेखणी एकीकडे आणि हजेरीपट दुसरीकडे. झाडाविषयी कठोर नियम करणारा हा माणूस माणसांच्या बाबतीत आहे ते चालू देत राहिला. त्याच्या मोठेपणाची बेरीज करताना ही वजाबाकी करावीच लागते.

ऑक्टोबर १७७२ मध्ये तो बेट सोडून गेला. महिन्याभरात इकडे माधवराव पेशवे वारले. दोघांच्याही मागे घडी विस्कटली, एवढेच त्या दोघांतले साम्य. नवा इंटेंडंट आला आणि नियम कागदावर राहिले. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट घेतले आणि १८२५ मध्ये मॉरिशसच्या साखरेवरची जकात वेस्ट इंडीजच्या साखरेइतकी कमी केली. मग काय, उसाला भाव आला. उतार, काठ, सगळे उसाखाली जाऊ लागले. १८३५ मध्ये गुलामगिरी संपली आणि ऊस लावायला हात हवे झाले, ते हिंदुस्थानातून गेले. त्यांत आपले लोकही होते. रत्नागिरीकडचे, मुंबई बंदरातून गेलेले गिरमिटिये. आज कास्कावेलसारख्या गावांतून गणपती बसतात, जाखडी नाचतात, ते त्यांचे पणतू, खापरपणतू. आपण तिथे जाऊन त्यांची आरती ऐकून भारावतो. पण जंगल उतरवून ऊस चढवणाऱ्या हातांत आपलेही हात होते, हे पाम्प्लमूसला उभे असताना मला टोचले. त्या बिचाऱ्यांना कुणी विचारले होते म्हणा. आज तिथे मूळचे चांगले जंगल दोन टक्क्यांहूनही कमी उरले आहे.

३० मार्च २०१३, शनिवार. दुपारी पोर्ट लुईवर दोन तासांच्या आत १५२ मिलिमीटर पाऊस झाला. चक्रीवादळ वगैरे काही नव्हते, नुसता पाऊस. शहराच्या मागे ल पूस डोंगर आहे, ८१२ मीटर उंच. त्याच नावाचा ओढा डोंगरातून निघून बांधीव नाल्यातून शहराच्या पोटातून जातो. तो फुटला. बंदराजवळच्या भुयारी पादचारी मार्गात आणि तळघरातल्या वाहनतळात माणसे अडकली. एकूण अकरा जण दगावले. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल वादळात याच शहरात मोटारी कागदी होड्यांसारख्या वाहत गेल्या, ते टीव्हीवर पाहिले. याला जंगलतोड हे एकच कारण आहे असे मी म्हणणार नाही. नाले अरुंद, काँक्रीट अफाट, पाऊसही आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. इतका पाऊस दाट जंगलालाही पेलला नसता कदाचित. पण त्या नाल्याच्या काठी दोनशे यार्ड मोकळे कुठेच नव्हते, हेही खरे.

एवढे वाचण्यात मी का पडलो ते आता सांगतो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी मी शाखाधिकारी होतो. एका ठेकेदाराने जांभ्याच्या चिऱ्यांची खाण आणि दोन ट्रक यांसाठी कर्ज मागितले. डोंगर त्याच्याच मालकीचा. तारण चोख, जामीनदार दोन, गावात घरे बांधायची लाट आलेली. मी जागा पाहायला गेलो. आईन, किंजळ, जांभूळ, मध्ये करवंदीची जाळी. खाली एक पऱ्या होता आणि पऱ्यापलीकडे पंधरावीस घरांची वाडी. मी अहवाल लिहिला आणि कर्ज मंजूर केले. ते वेळेत फिटले. शाखेच्या थकबाकीमुक्त कर्जांत ते शोभून दिसायचे.

दोन पावसाळ्यांनंतर वाडीतली एक म्हातारी पीककर्जाची मुदत वाढवून मागायला आली. तिची भातखाचरे तांबड्या मातीने आणि खडीने भरली होती, विहीर गाळाने बुजली होती. होळीपर्यंत वाहणारा पऱ्या आता पौषातच आटतो आणि आषाढात घरात शिरतो, असे ती सांगत होती. मी तिचा अर्ज भरून घेतला. नुकसानीचे कारण या रकान्यात अतिवृष्टी असे लिहिले. ती निघताना मला साहेब, साहेब करत नमस्कार करत होती आणि मी मान खाली घालून शिक्का मारत होतो. अर्जात उत्पन्न होते, तारण होते, जामीनदार होते. डोंगर हा रकाना नव्हता. तिच्या कर्जाला मुदत मिळाली, पण खाचरे पुन्हा शेतीत आली नाहीत. मुलगा मुंबईला गेला, वर्षाने तीही गेली.

म्हणजे मला हे सारे शिकायला प्वाव्रची गरज नव्हती. आपल्याकडेही कुणी सांगितले नव्हते असे नाही. अलेक्झांडर गिब्सन हा स्कॉटिश डॉक्टर पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेचा प्रमुख होता. १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. सह्याद्रीच्या उतारावरची झाडे गेली की झरे आटतात आणि कोकणातल्या खाड्या गाळाने भरतात, हे त्याने सरकारला लिहून कळवले होते. त्या पिढीतल्या हिंदुस्थानातल्या इंग्रज वनाधिकाऱ्यांसमोर मॉरिशसचे उदाहरण होतेच. प्वाव्रची चौथाई अशी फिरत फिरत आपल्या दारापर्यंत आली होती आणि मग कुठल्याशा दप्तरात पडली. आमच्या बँकेत ती पोचली नाही.

प्वाव्रचे उरलेले आयुष्य शांततेत गेले. लिआँजवळ सोन नदीच्या काठी त्याने घर आणि बाग केली. पेन्शन मिळाले, मानमरातब मिळाला. ईल द फ्रान्सला लावलेल्या लवंगेला १७७६ मध्ये पहिला बहर आला, जायफळाला १७७८ मध्ये. त्याला ते फक्त पत्रातून कळले. ६ जानेवारी १७८६ रोजी तो वारला. लगेच त्याचे चरित्र लिहिले ते द्युपाँ या त्याच्या अर्थशास्त्री मित्राने. पुढे फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीतून वाचलेल्या याच द्युपाँने १७९५ मध्ये प्वाव्रच्या विधवेशी लग्न केले. तिच्या सावत्र मुलाने १८०२ मध्ये अमेरिकेत बंदुकीच्या दारूचा कारखाना काढला, तीच पुढची अवाढव्य ड्युपाँट कंपनी. कुठून कुठे जाते पाहा!

त्या दिवशी पाम्प्लमूसहून पोर्ट लुईला परतताना पावसाने गाठले. आमचा टॅक्सीवाला मराठी वंशाचा, पणजोबा रत्नागिरीकडून आलेले. गावाचे नाव मात्र घरात कुणालाच ठाऊक नव्हते. गणपतीची आरती त्याला पूर्ण येत होती, बाकी सारे क्रिओलमध्ये. काच दिसेनाशी झाली तसे त्याने रेडिओ लावला. बारा तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस होणार असे दिसले की तिथली वेधशाळा तेव्हा मुसळधार पावसाचा इशारा देत असे आणि शाळा बंद होत. तेवढा इशारा अजून नव्हता. तरीही एका छोट्या पुलाच्या अलीकडे, जरा चढावर, त्याने गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केले. २०१३ पासून तो असेच करतो, म्हणाला. पूल दिसत असला तरी आधी पाणी पाहायचे.

आम्ही तिघे काचेतून पाहत बसलो. दोन्ही बाजूंना ऊस होता, अगदी ओढ्याच्या काठापर्यंत. पाणी चढत होते आणि त्याचा रंग तांबडा होता. पत्नी म्हणाली, अगदी आपल्या पऱ्यासारखा. टॅक्सीवाल्याने तो शब्द कुठेतरी ऐकल्यासारखे मागे वळून पाहिले आणि तिला तो पुन्हा म्हणायला सांगितला.